कॅन्सरच्या पत्रकावर झेंडू

प्रति,
अमेरिकेतल्या कॅन्सर विभागांत काम करणारी मराठी डॉक्टर, नर्स आणि जेनेटिक काउन्सेलर मंडळी

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर लागला की इथल्या हॉस्पिटलांच्या कमिट्यांना एकाएकी स्पॅनिश आठवतं. १५ सप्टेंबरला हिस्पॅनिक वारसा महिना सुरू होतो आणि त्याला लागूनच ऑक्टोबरचा गुलाबी फितींचा, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना येतो. मग ‘लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्त्रिया आणि घराण्यातून येणारा कॅन्सर’ अशा काहीतरी नावाचं एक माहितीपत्रक तयार होतं, त्याची फाइल चार जणांकडून फिरते आणि शेवटी मंजुरीसाठी तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येऊन पडते. ह्या देशातल्या ऑन्कॉलॉजी विभागांत मराठी आडनावं काही कमी नाहीत, आणि ‘डायव्हर्सिटी’ हा शब्द असलेल्या कमिटीवर तर आपल्याला हमखास बसवतात. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि मराठीत. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते सरळ जनसंपर्क विभागाकडे गेलं असतं आणि मला ‘तुमच्या सूचनांचं स्वागत आहे’ असं उत्तर आलं असतं.

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत जेनेटिक काउन्सेलर आहे, म्हणजे कॅन्सर घराण्यातून येतोय का हे तपासून बायकांना सल्ला देते. द्राक्षं, बदाम आणि टोमॅटोचा हा पट्टा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत निम्म्याहून जास्त स्पॅनिश बोलणाऱ्या. मी ती भाषा इथे आल्यावर शिकले आणि माझे उच्चार ऐकून बायका अजूनही तोंडावर हात ठेवून हसतात.

ही पत्रकं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मूळ इंग्रजी मजकूर, त्याचं शब्दाला शब्द स्पॅनिश, वर हसणाऱ्या आजी, आई, मुलगी आणि कडेनं झेंडूची फुलं आणि रंगीत कागदाच्या पताका. कमिटीच्या लेखी पत्रक झालं ‘त्यांच्या संस्कृतीला साजेसं’. (मेक्सिकोत झेंडू लागतो तो नोव्हेंबरात मृतांच्या सणाला, थडगी सजवायला. कॅन्सरच्या पत्रकावर तो कोणाला सुचला, देव जाणे.) मजकुरात मात्र बाईला हवं ते नसतं, आणि बरेचदा जे असतं ते तिच्या बाबतीत चुकीचंच ठरतं.

एक उदाहरण देते. जवळजवळ प्रत्येक पत्रकात धोक्याच्या यादीत एक ओळ असते: ‘तुमचे पूर्वज अश्केनाझी ज्यू होते का?’ गळ्यात मेक्सिकन कॅथलिकांच्या ग्वादालूपेच्या मातेचं पदक घालून आलेली बाई त्यावर ‘नाही’ अशी खूण करते आणि पुढे जाते. आता कोलोरॅडोच्या दक्षिणेकडचं सान लुईस खोरं घ्या. तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असलेल्या स्पॅनिश घराण्यांत बीआरसीए-१ जनुकातला (ते बिघडलं की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो) १८५डेलएजी हा बिघाड सापडला. हा तोच बिघाड, जो पूर्व युरोपातल्या, म्हणजे अश्केनाझी, ज्यूंमध्ये इतरांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. १४९२ साली स्पेननं ज्यूंना हाकललं, त्या सुमारास अनेकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतले काही नव्या जगात आले आणि तिथून उत्तरेकडे सरकत गेले. धर्म बदलला, आडनावं बदलली, घरातल्या म्हाताऱ्यांनाही मूळ माहीत राहिलं नाही. जनुक तेवढं तसंच खाली उतरत आलं. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतही ते सापडलं आहे. (तोच बिघाड भारतातल्या रुग्णांतही दिसतो, तेव्हा ‘हा त्यांचा प्रश्न’ असं आपणही म्हणू नये.) त्या बाईला अश्केनाझी शब्द कळून उपयोग नाही. तिला विचारायला हवं ते हे की तुझ्या मावश्या, आत्या, आज्या कोणत्या वयात आणि कशानं गेल्या.

दुसरा बिघाड तर खास मेक्सिकोचाच म्हणावा असा आहे. बीआरसीए-१ मधला ९ ते १२ क्रमांकाच्या एक्झॉनांचा (जनुकातल्या कामाच्या मजकुराच्या भागांचा) सबंध तुकडाच त्यात गळालेला असतो. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप ह्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या जेफ्री वाइत्झेल यांच्या गटानं त्याचा माग काढला. तो सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एकाच पूर्वजात उपजला असावा असा अंदाज आहे, म्हणजे कोलंबसाचं जहाज लागण्याच्या हजारेक वर्षं आधी. मेक्सिकोतल्या रुग्णांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बीआरसीए-१ मुळे अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी साधारण एक तृतीयांश बायकांत हा एकच बिघाड निघाला. आणि ह्याची गंमत म्हणा की क्रूरपणा, जनुकाची अक्षरं एकामागून एक वाचत जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तपासणीत तो दिसतच नसे. एवढा मोठा तुकडा गळालाय हे हुडकायला वेगळी तपासणी लागायची आणि ती सरसकट सगळ्यांची होत नसे. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवलेल्या कितीतरी मेक्सिकन बायका आज तो कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीत जपून ठेवून निर्धास्त आहेत. त्यांना परत बोलवा. पत्रक छापण्याआधी हे करा. तुमच्या विभागाच्या नोंदींत त्यांची नावं आहेत.

पुएर्तो रिकोचे नेहमी आढळणारे बिघाड वेगळे, कोलंबियाचे वेगळे. उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. संशोधक लॉरा फेहेरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की सहाव्या गुणसूत्रावर, इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाजवळ, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून आलेला एक बदल स्तनाच्या कॅन्सरचा धोका चक्क कमी करतो. लॅटिना बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा कमी आहे, त्याचं थोडं श्रेय त्याला जातं. पण तरीही अमेरिकेत लॅटिना बायका कॅन्सरनं मरतात त्यांत पहिला नंबर स्तनाच्याच कॅन्सरचा. रोग कमी आणि तरी हे असं, ह्याचं एक कारण निदानाला उशीर. हे वाक्य मी कमिटीत म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं, ‘हो ना, त्या लोकांत फातालिस्मो फार आहे.’

फातालिस्मो. नशिबावर हवाला. लॅटिनो आरोग्यावरच्या निबंधांत हा शब्द इतका आला आहे की आता तो पुरावा न मागता खपतो. माझ्यासमोर बसलेली बाई ‘सी दिओस किएरे’ म्हणते, देवाच्या मनात असेल तर, आणि त्याच दमात पुढची तारीख विचारते. आपले काकासुद्धा ‘सगळं त्याच्या हातात’ म्हणत अँजिओप्लास्टीच्या टेबलावर चढतात. त्यांना कोणी दैववादी ठरवून संशोधन निबंध लिहीत नाही. ज्या बाईची सकाळी दहाची वेळ चुकते तिला त्या दिवशी शेतावर भरलेल्या पेटीमागे पैसे मिळत असतात, नवऱ्याची गाडी दुसऱ्या शेतावर असते आणि रद्द करायचा फोन केला तर पलीकडे इंग्रजीतलं यंत्र नऊ दाबा, चार दाबा सांगत असतं. ह्याला दैव म्हणायचं की वेळापत्रक?

आणि नवरा परवानगी देत नाही, हा आणखी एक ठरलेला संवाद. असे नवरे असतात, नाही म्हणत नाही. पण माझ्या प्रतीक्षाकक्षात मी जास्त करून बघते ते मातीचे बूट बाहेर झटकून आत येणारे, कॅप हातात धरून भिंतीशी उभे राहणारे आणि ‘आम्हा दोघांना नीट समजावून सांगा’ म्हणणारे नवरे.

संस्कृतीचा आधार घेऊन बाईवर दोष टाकण्याचा ह्या राज्यात एक जुना दाखला आहे. तो तुमच्यापैकी जे इथे शिकायला आले त्यांना वर्गात कोणी सांगितला नसेल. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या दहा बायकांनी खटला भरला. काउंटीच्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वेळी त्यांची नसबंदी झाली होती. कळा येत असताना इंग्रजी फॉर्म पुढे करून सह्या घेतलेल्या, काहींना तर आपल्यावर काय झालं हे नंतर कळलं. माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन. १९७८ साली न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी निकाल डॉक्टरांच्या बाजूनं दिला. बायकांच्या बाजूनं एका मानववंशशास्त्रज्ञानं साक्ष दिली होती की त्यांच्या समाजात अपत्यं होण्याला किती महत्त्व आहे आणि म्हणून ही हानी किती मोठी आहे. न्यायाधीशांनी तीच साक्ष उलटी फिरवली: इतका त्रास झाला तो ह्या बायकांच्या वेगळ्या सांस्कृतिक घडणीमुळे, आणि डॉक्टरांना ते कळणार तरी कसं? त्या प्रकरणानंतर रुग्णाच्या भाषेतला संमतीचा फॉर्म आणि सही व शस्त्रक्रिया यांच्यात थांबण्याचा काळ हे नियम आले. पण पुएर्तो रिकोत तर त्याच्याही आधी, १९६५च्या पाहणीत, सुमारे एक तृतीयांश आयांची नसबंदी झालेली आढळली होती. तिथे तिला नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणतात. कुठलं, ते विचारावं लागत नाही.

आता तुम्ही बीआरसीए-१ निघालेल्या पस्तिशीतल्या लॅटिना बाईला, दुभाष्यामार्फत, सांगता की मुलं होऊन गेली असतील तर ३५ ते ४० वयात अंडाशय आणि नलिका काढून टाकाव्यात. वैद्यकीय दृष्ट्या सल्ला अचूक आहे. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडायची खात्रीची तपासणी नाही, आणि सर्वसाधारण बाईला आयुष्यात जो धोका टक्का-सव्वा टक्का असतो तो हिला ८० वर्षांपर्यंत ४० टक्क्यांच्या वर जातो. पण ती बाई ऐकते ते वेगळं. सरकारी दवाखाना, पांढरा कोट, परकी भाषा आणि ‘तुझं काढून टाकू’. तिच्या आजीनं ही गोष्ट ऐकवलेली असते. ती मान डोलावते आणि परत येत नाही. फाइलीत शेरा पडतो, ‘रुग्णाचा नकार’. हे बोलणं सुरू करतानाच जर आपण म्हटलं, ‘पूर्वी आमच्यासारख्यांनी तुमच्यासारख्यांवर काय केलं ते मला माहीत आहे, म्हणून आज मी फक्त माहिती देणार, निर्णय तुमचा आणि घाई कसलीच नाही’, तर खोलीतली हवा बदलते. मी असं म्हणते. वरिष्ठांना ते आवडत नाही, कायदेशीर अडचण होईल म्हणतात. अजून तरी झाली नाही.

घराण्याचा इतिहास घेण्याचा आपला फॉर्म घ्या. ‘आई कशानं गेली?’ ह्यापुढे चौकटी असतात: स्तन, अंडाशय, मोठं आतडं, इतर. बाई सांगते, पोटात पाणी झालं होतं. वय? म्हातारी नव्हती, धाकटा भाऊ तेव्हा शाळेत जायचा. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या गावच्या डॉक्टरनं पाणी काढलं, ते परत भरलं, पुन्हा काढलं, मग घरी नेलं. कागद एकही नाही. दुभाष्या ‘इतर’ म्हणतो आणि फॉर्म पुढे सरकतो. पोटात वारंवार पाणी होऊन चाळिशीत गेलेली बाई म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या फॉर्मला ते ऐकू येत नाही. वडिलांच्या बाजूचं तर बहुतेक बायका सांगतच नाहीत. छातीचा आजार बापाकडून कसा येईल? पत्रकात एकच गोष्ट मोठ्या अक्षरात छापायची झाली तर ही छापा की बापाकडूनही तेवढाच येतो, आणि आत्या मोजायच्या.

छातीला मार लागल्यानं कॅन्सर होतो, ही समजूतही भेटते. अर्व्हाइनच्या विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ लिओ चावेझ यांनी नव्वदच्या दशकात ऑरेंज काउंटीतल्या बायकांकडून ती नोंदवून ठेवली आहे. त्यावर हसून पुढे जाऊ नका. मी अशा बाईला आधी विचारते, मार कोणी मारला. दोनदा त्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर जनुकांचं बोलणं बाजूला ठेवून आम्हाला दुसऱ्याच विभागात फोन करावा लागला आहे.

तुमच्या कमिटीत कोणी म्हणेल की आम्ही दुभाष्या देतो, मग काय अडचण? दुभाष्या द्यायलाच हवा, कायदा आहे. अल्पवयीन मुलाला दुभाष्या म्हणून बसवायला तर तातडीचा प्रसंग सोडून मनाईच आहे. तरी चौदा वर्षांची मुलगी आईला ‘तुला कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्के’ हे सांगताना मी पाहिली आहे, कारण टॅब्लेटवरचा दुभाष्या लागत नव्हता. शिवाय स्पॅनिश म्हणजे सगळ्यांची भाषा नव्हे. आमच्या भागात मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या मिश्तेको, त्रिकी, सापोतेको बोलणाऱ्या बायका आहेत. त्या स्पॅनिश पत्रकावर तशाच मान डोलावतात जशा इंग्रजीवर. दुसरीकडे टेक्सासमधल्या तिसऱ्या पिढीच्या बाईला स्पॅनिश पत्रक दिलं तर ती खवळते, आणि बरोबरच आहे. पुएर्तो रिकन बाई जन्मानं अमेरिकन नागरिक. तिला ‘कागदपत्रांची काळजी करू नका’ म्हणून धीर देणारा कर्मचारी मी पाहिला आहे.

मात्र ज्यांना ह्या देशात राहण्याच्या कागदांची काळजी खरोखर आहे त्यांचं काय? त्या स्वतः विचारणार नाहीत. माझं नाव कुठे जाईल, हा प्रश्न मनात धरून त्या शेवटपर्यंत बसून राहतात. कॅलिफोर्नियानं जानेवारी २०२४ पासून मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा सरकारी आरोग्य विमा) सगळ्या वयाच्या लोकांना, कागद असोत-नसोत, पूर्ण खुलं केलं आणि २०२६ पासून कागद नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. एवढ्या वर-खाली झाल्यावर बाईनं तुमच्या गुलाबी पत्रकावर विश्वास ठेवावा तरी का? दवाखान्यानं कोणती माहिती कोणाला द्यावी लागते आणि कोणती नाही, हे पत्रकात पहिल्या पानावर साध्या शब्दांत यायला हवं. विम्याचंही तसंच. २००८च्या जिना कायद्यानं आरोग्य विमा कंपनीला आणि मालकाला जनुकांच्या निकालावरून भेदभाव करता येत नाही. आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा आणि वृद्धापकाळातल्या देखभालीचा विमा ह्यांना मात्र तो लागू नाही. पत्रकं पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा गाळतात.

तपासणी स्वतः आता तितकी महाग राहिलेली नाही. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं निसर्गात सापडणाऱ्या जनुकावर पेटंट घेता येत नाही असा निकाल दिला, पेटंट धरून बसलेल्या मिरियड कंपनीची मक्तेदारी मोडली आणि हजारो डॉलरची तपासणी खाजगीत अडीचशे डॉलरच्या आसपास आली. हजारोंच्या मानानं स्वस्त. द्राक्षं तोडणाऱ्या बाईला मात्र अडीचशे म्हणजे मोठी रक्कम. आणि निकाल आल्यावरचं वर्षाला एक एमआरआय, पंचविशीपासून, ते कोण भरणार? नुसती तपासणी करून पुढचं दार बंद असेल तर मी तर म्हणते, आधी दाराचं बघा.

मग बहीण. जनुकात बिघाड निघाला की आपण फार सहज म्हणतो, सख्ख्या नातेवाइकांची तपासणी करून घ्या, प्रत्येकाला पन्नास टक्के शक्यता. तिच्या तीन बहिणी मेक्सिकोत. आपण तिच्या हातात नातेवाइकांसाठीचं छापील पत्र देतो, लेटरहेडवर, इंग्रजीत, वर आपल्या क्लिनिकचा नंबर. ते पत्र घेऊन ती बहीण मोरेलियात कुठे जाणार? मी आता काय करते ते सांगते. निकाल सांगून झाल्यावर मी बाईला फोन काढायला लावते आणि तिच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या बहिणींसाठी दोन मिनिटांचा आवाजी निरोप बोलते: बिघाडाचं नाव, लॅबला काय शोधायला सांगायचं, आणि कागदाचा फोटो. तो निरोप दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या खानदानात फिरलेला असतो. ह्या कुटुंबांत बातमी एका बाईकडून जाते, बहुधा थोरल्या बहिणीकडून. ती बाई कोण हे आधी शोधा, तिला नीट समजावा. गोपनीयतेवाले ह्यावर कुरकुरतात. संमतीचा फॉर्म आहे, स्पॅनिशमध्ये आहे, तो मी आधी भरून घेते.

हे सगळं मला एकटीला सुचलेलं नाही. कॅलिफोर्नियात फेहेरमान यांच्या गटानं समाजातल्या संस्थांना बरोबर घेऊन ‘तू इस्तोरिया कुएन्ता’ नावाचा शिक्षणक्रम बांधला, तुझी हकिकत मोलाची आहे अशा अर्थाचा. तो शिकवतात प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीत राहणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. आपल्या आशाताईंसारख्याच, फक्त ह्यांना सरकारी साडी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात गॅलेन जोसेफ यांच्या चमूनं तर आम्हा काउन्सेलरांचंच बोलणं ऐकून तपासलं. आम्ही कमी शिकलेल्या रुग्णाशी किती जास्त, किती अवघड आणि तिला न लागणारं बोलतो, हे त्यात उघडं पडलं. तो अभ्यास प्रत्येक काउन्सेलरनं वाचावा आणि मग आपली एक मुलाखत रेकॉर्ड करून ऐकावी.

गेल्या वसंतात आमच्याकडच्या एका प्रोमोतोरानं चर्चच्या मागच्या हॉलमध्ये घेतलेला वर्ग मी मागे बसून पाहिला. तिनं दोन वाट्या मांडल्या. ‘आई’च्या वाटीत दोन ठिपक्यांचे पिंटो घेवडे. ‘बाबा’च्या वाटीत एक ठिपक्यांचा, एक काळा. काळा म्हणजे बिघाड. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचलायचा, ते तुमचं बाळ. दाणे परत वाटीत. एका बाईनं विचारलं, ‘मला चार मुली. म्हणजे दोघींना येणार?’ प्रोमोतोरा काही बोलली नाही, तिच्याकडून चार वेळा उचलून घेतलं. काळा, काळा, ठिपक्यांचा, काळा. मग शेजारणीकडून. तिला चारही वेळा ठिपक्यांचे. प्रत्येक लेकराला नव्याने चिठ्ठी निघते आणि थोरलीला आलं म्हणून धाकटी सुटत नाही, हे मी आकृत्या काढून कितीदा समजावते आणि किती जणी गोंधळून जातात! शिवाय काळा दाणा बाबाच्या वाटीत ठेवला होता. त्यावर वेगळं व्याख्यान लागलंच नाही. हॉलमधल्या दोघी जणी तिथेच आत्यांना फोन लावायला बाहेर गेल्या.

तिथे एक प्रश्न मलाही आला: ‘निकालात अर्थ न लागलेला बदल आला तर?’ हे लॅटिनांच्या आणि आपल्याही वाट्याला गोऱ्यांपेक्षा जास्त येतं, कारण लॅबच्या भांडारात नमुने मुख्यतः युरोपीय वंशाचे. बदल दिसतो, तो निरुपद्रवी की घातक हे सांगता येत नाही. त्या कागदावरून कोणाचेही स्तन किंवा अंडाशय काढायचे नसतात, आणि घाबरलेल्या बाईला घाबरलेला सर्जन भेटला की नेमकं तेच होतं. पत्रकात ह्यावर एक परिच्छेद हवा. मी पाहिलेल्या एकाही पत्रकात तो नव्हता.

आपल्याकडचं थोडं बोलू का? स्थळ बघताना ‘घराण्यात काही नाही ना’ ह्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो ते आपल्याला माहीत आहे. मावशीचा कॅन्सर मुलीचं लग्न होईपर्यंत ‘गाठ होती, काढली’ एवढाच असतो. लॅटिना बाई आईला काळजी लागू नये म्हणून लपवते, आपण व्याह्यांना कळू नये म्हणून. तेव्हा कमिटीत ‘हे लोक बोलत नाहीत’ असं कोणी म्हणालं की निदान तुम्ही तरी मान डोलवू नका.

आता मागणं. ह्या वर्षीचं पत्रक सहीला आलं की ते वस्तीतल्या चार बायकांसमोर वाचून घेतलंय का ते विचारा, घेतलं नसेल तर परत पाठवा. त्यावरचा नंबर संध्याकाळी सहानंतर स्वतः फिरवून बघा, कारण शेतावरून सुटका तेव्हा होते. वंशावळीचा फॉर्म तुमच्या अखत्यारीत असेल तर त्यात ‘पोटात पाणी’ आणि ‘आत्या’ आणा. जुने ‘निगेटिव्ह’ काढा. आणि प्रोमोतोरांना पगार द्या. भेटवस्तूचं कार्ड आणि जेवण हा पगार नव्हे. पैसे नाहीत हे उत्तर निदान कॅलिफोर्नियात चालणार नाही, कारण १ जुलै २०२२ पासून प्रोमोतोरांच्या सेवेचे पैसे मेडी-कॅल देतं. बिल कोणत्या विभागानं लावायचं आणि देखरेख कोणाची, ह्यावर आमच्याकडे घोडं अडलेलं आहे: जेनेटिक्स म्हणतं प्राथमिक विभागाकडे, प्राथमिक विभाग म्हणतो कॅन्सर सेंटरकडे. तुमच्यापैकी कोणाच्या विभागानं हे सोडवलं असेल तर कोणत्या खात्यातून आणि कोणाच्या सहीनं, ते मला जरूर कळवा. आमची पुढची बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे.

आपली,
सेंट्रल व्हॅलीतली एक जेनेटिक काउन्सेलर